वत्सगुल्माची रेषा आणि मंगळाचा शून्य

इसवी सनाच्या सातव्या शतकात भास्कर नावाच्या गणित्यानं ‘महाभास्करीय’ हा ग्रंथ रचला. लीलावतीकार भास्कराचार्य हे नव्हेत, ते यांच्यानंतर सुमारे पाचशे वर्षांनी झाले. ‘महाभास्करीया’च्या दुसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीला गावांची एक यादी आहे. दक्षिणेला लंकेपासून निघून उत्तरेला मेरूपर्यंत जाणाऱ्या सरळ रेषेवर कोणकोणती ठिकाणं येतात, हे त्या यादीत सांगितलं आहे. तीत अवंती म्हणजे उज्जैन आहे, कुरुक्षेत्राजवळचं स्थानेश्वर आहे आणि वत्सगुल्मही आहे. वत्सगुल्म म्हणजे आजचं वाशीम.

अजिंठ्याच्या लेण्यांना आश्रय देणाऱ्या हरिषेण राजाची, वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेची ही राजधानी. ही शाखा स्वतंत्र होती हे इतिहासकारांना नीट कळलं ते १९३९ मध्ये वाशीमलाच सापडलेल्या ताम्रपटामुळे. राजधानी म्हणून वाशीमचं नाव इतिहासाच्या पुस्तकांत येतं. खगोलशास्त्राच्या इतिहासात त्याला जो मान आहे, त्याची आठवण मात्र शाळेच्या पुस्तकांत नसते, वाशीमच्या मुलांनाही ती क्वचितच सांगितली जाते. गावात मध्यमेश्वराचं देऊळ आहे. लंकेपासून मेरूपर्यंतची मध्यरेषा इथून जाते, ही परंपरा त्या देवळाशी जोडलेली आहे आणि तिच्यामागे सिद्धांतग्रंथांचा हा आधार उभा आहे.

ही रेषा हवी कशाला होती? ग्रह आकाशात अमुक वेळी कुठे असेल याचं गणित करायचं, तर ‘अमुक वेळी’ म्हणजे कुठल्या गावच्या वेळी, हे आधी ठरवावं लागतं. सूर्य पूर्वेकडच्या गावाला आधी उगवतो, पश्चिमेकडच्या गावाला उशिरा. म्हणून सिद्धांतकारांनी सगळं गणित एका रेषेवरच्या वेळेसाठी केलं आणि बाकीच्या गावांसाठी देशांतर नावाचा संस्कार सांगितला. आपलं गाव त्या रेषेच्या पूर्वेला किंवा पश्चिमेला किती आहे, तेवढा वेळ वजा करायचा किंवा मिळवायचा. आज जगभर रेखांशाचा हिशेब ज्या तत्त्वावर चालतो, तेच हे तत्त्व. फरक एवढाच की आपण शून्य ग्रिनिचला धरतो आणि तेव्हा तो उज्जैन-वाशीमच्या रेषेवर धरला जात होता.

आपलं गाव त्या रेषेपासून किती दूर आहे हे कळायचं कसं? लोक सांगतात ती योजनांतली अंतरं ढोबळ असतात, हा आक्षेप भास्करानं नोंदवून ठेवला आहे. खरी रीत होती चंद्रग्रहणाची. चंद्र पृथ्वीच्या सावलीत शिरतो तो क्षण सगळ्यांना एकाच वेळी दिसतो, मात्र प्रत्येक गावच्या घड्याळात तेव्हा वेगवेगळी वेळ असते. मध्यरेषेवर ग्रहण किती घटिकांना लागणार हे गणितानं काढायचं, आपल्या गावी ते प्रत्यक्षात किती घटिकांना लागलं हे मोजायचं, दोहोंतला फरक म्हणजे आपलं देशांतर.

मोजायचं साधन म्हणजे घटिकापात्र. तांब्याची वाटी, तिच्या बुडाला बारीक छिद्र, ती मोठ्या भांड्यातल्या पाण्यावर सोडायची. अहोरात्रात ती साठ वेळा भरून बुडेल एवढंच छिद्र ठेवायचं, म्हणजे एक घटिका चोवीस मिनिटांची होते. महाराष्ट्रात लग्नमुहूर्तासाठी हे पात्र घंगाळात सोडायची पद्धत आपल्या आजी-पणजींनी पाहिलेली आहे. ते ग्रह-ताऱ्यांचं स्थान ठरवणारं वैज्ञानिक उपकरण होतं, याची जाणीव मात्र त्या मांडवात क्वचितच कुणाला असे.

आता ही रेषा तपासून पाहू. उज्जैनचा रेखांश सुमारे ७५.८ अंश पूर्व आहे, वाशीमचा सुमारे ७७.१ अंश. फरक साधारण १.३ अंशांचा, म्हणजे वेळेत पाच मिनिटांहून थोडा अधिक, घटिकेच्या जवळपास पावभाग. जमिनीवर हे अंतर सुमारे १४० किलोमीटर भरतं. म्हणजे वाशीम काटेकोरपणे उज्जैनच्या रेषेवर नाही. पण स्थानेश्वराचा रेखांश सुमारे ७६.८ अंश आहे. वाशीम आणि स्थानेश्वर यांच्यात उत्तर-दक्षिण हजार किलोमीटरच्या आसपास अंतर असताना पूर्व-पश्चिम फरक केवळ तीसेक किलोमीटरचा आहे, वेळेत जेमतेम सव्वा मिनिटाचा. पाण्यात बुडणारी वाटी आणि ग्रहणाच्या रात्री चंद्राकडे लावलेले डोळे एवढ्या सामग्रीवर ही जुळणी साधली असेल, तर त्या निरीक्षकांपुढे मान झुकते. पाच मिनिटांची चूकही समजण्यासारखी आहे, कारण पृथ्वीच्या सावलीची कड धूसर असते आणि ग्रहण नेमकं कुठल्या क्षणी लागलं हे नुसत्या डोळ्यांना मिनिटाच्या अचूकतेनं ठरवता येत नाही.

उपकरण कितीही चांगलं असो, ते स्वतः कुठे आणि केव्हा मोजतं आहे हे माहीत नसेल तर त्याच्या आकड्याला अर्थ नसतो. भास्कराला छळणारा हा प्रश्न तेराशे वर्षांनी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांपुढे वेगळ्या रूपात उभा राहिला. २९ एप्रिल १९८५ रोजी अमेरिकेचं चॅलेंजर यान स्पेसलॅब-३ ही प्रयोगशाळा घेऊन उडालं, तेव्हा तीत भारताचं एक उपकरण होतं. नाव ‘अनुराधा’. सुकुमार बिस्वास यांच्या नेतृत्वाखाली ते टाटा संस्थेत तयार झालं होतं.

अनुराधाचं काम होतं विश्वकिरण, म्हणजे अवकाशातून येणारी वेगवान अणुकेंद्रकं, पकडणं. त्यासाठी चष्म्याच्या भिंगांना वापरतात त्या जातीच्या प्लास्टिकचे, सीआर-३९चे, पातळ थर एकावर एक रचले होते. वेगवान अणुकेंद्रक प्लास्टिकमधून गेलं की त्याच्या वाटेवरच्या रेणूंची मोडतोड होते. ती डोळ्यांना दिसत नाही. पण प्लास्टिक गरम कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात ठेवलं की मोडलेली वाट आधी झिजते आणि शंकूच्या आकाराचा सूक्ष्म खड्डा उमटतो. त्या खड्ड्याच्या मापावरून कळतं की गेला तो कण ऑक्सिजनचा होता की लोखंडाचा. एवढ्यानं मात्र भागत नव्हतं. तो कण केव्हा आला हे कळायला हवं होतं आणि प्लास्टिकला घड्याळ नसतं.

यावरचा उपाय मला या संपूर्ण विषयातला सर्वांत देखणा वाटतो. थरांचे दोन गठ्ठे केले. वरचा स्थिर आणि खालचा अगदी मंद गतीनं, ठरलेल्या वेगानं फिरणारा. कण दोन्हींतून आरपार गेला की वर एक खूण आणि खाली एक खूण. परत आल्यावर प्रयोगशाळेत दोन्ही खुणा एका सरळ रेषेत आणायला खालचा गठ्ठा किती फिरवावा लागतो ते मोजायचं, की कण येऊन गेल्याची वेळ हाती लागली. वेळ कळली की यान त्या क्षणी पृथ्वीच्या कुठल्या भागावर होतं ते कळलं. यान सेकंदाला पावणेआठ किलोमीटरच्या आसपास वेगानं जातं, म्हणजे वाशीमहून मुंबई गाठायला त्याला साधारण एक मिनिट पुरावं. जागा कळली की तिथल्या चुंबकीय क्षेत्राचा अडथळा किती बळकट होता ते कळलं. पृथ्वीचं चुंबकत्व कमी ऊर्जेच्या, भरपूर विद्युतभार असलेल्या कणाला दूर ढकलून देतं. तरीही तो आत आला असेल तर त्याचे सगळे इलेक्ट्रॉन गळालेले नव्हते, असा निष्कर्ष निघतो. अवकाशातल्या कणाच्या अंगावर किती इलेक्ट्रॉन शिल्लक आहेत, हे उत्तर अखेर एका देशांतराच्या हिशेबातून निघालं.

घटिकापात्राच्या जोडीला जुन्या ज्योतिर्विदाचं दुसरं साधन होतं शंकू, सपाट जमिनीवर उभी केलेली बारा अंगुळांची सरळ काठी. तिच्याभोवती वर्तुळ आखायचं. सकाळी सावलीचं टोक वर्तुळात शिरतं तिथे खूण करायची, दुपारनंतर बाहेर पडतं तिथे दुसरी. दोन खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम रेषा मिळाली. दिवस-रात्र सारखे असतात त्या दिवशी मध्यान्हीची सावली मोजली की अक्षांश मिळाला. वाशीमला ही सावली सुमारे ४.४ अंगुळं भरते, उज्जैनला पाचाच्या थोडी वर. ज्याला कोणीही शिडी लावू शकत नाही त्या सूर्याची जागा जमिनीवरच्या सावलीतून वाचायची, ही शंकूची किमया आहे.

सावलीतून आकाश वाचण्याची हीच रीत आजच्या एका भारतीय उपग्रहात आहे. २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोट्याहून ‘ॲस्ट्रोसॅट’ निघाला आणि सुमारे ६५० किलोमीटर उंचीवरच्या कक्षेत गेला. त्यातली तीन क्ष-किरण उपकरणं टाटा संस्थेच्या पुढाकारानं घडली. त्यांपैकी ‘सीझेडटीआय’ हे जास्त ऊर्जेचे क्ष-किरण पाहतं आणि त्याच्या घडणीत पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेचाही मोठा वाटा आहे. या ऊर्जेचे किरण भिंगानं वा साध्या आरशानं एकत्र आणता येत नाहीत, ते आरपार जातात. मग चित्र घ्यायचं कसं? उपकरणाच्या तोंडावर टँटलम धातूचा अर्धा मिलिमीटर जाडीचा पत्रा बसवला आणि त्यात ठरावीक नक्षीची चौकोनी छिद्रं पाडली. ताऱ्याकडून येणारे किरण छिद्रांतून जातात, धातूवर अडतात आणि खालच्या शोधकांवर त्या नक्षीची सावली पडते. तारा थोडा बाजूला असेल तर सावली तेवढी सरकते. सरकलेल्या सावलीवरून ताऱ्याची दिशा गणितानं काढतात. खाली चार भागांत ६४ शोधक आहेत, प्रत्येकात २५६ घरं, एकूण १६,३८४.

या १६ हजारांवर घरांपैकी प्रत्येक घर एकाच ऊर्जेच्या किरणाला थोडा वेगळा प्रतिसाद देतं. तापमान बदललं की प्रतिसाद बदलतो, वर्षं गेली की आणखी बदलतो. दुकानातल्या तराजूवर वजनमापं निरीक्षकाचा शिक्का दरवेळी नव्यानं करून घ्यावा लागतो, कारण काटा झिजतो. इथे निरीक्षकाला ६५० किलोमीटर वर जाता येत नाही. म्हणून शिक्का मारणारा सोबतच पाठवला आहे. उपकरणात अमेरिसियम-२४१ या किरणोत्सारी मूलद्रव्याचा अल्पसा साठा आहे. त्याचा अणू फुटतो तेव्हा एक अल्फा कण बाहेर पडतो आणि बरोबरच सुमारे ६० किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचा किरणही निघतो. अल्फा कण टिपणारा वेगळा शोधक शेजारीच आहे. त्यानं इशारा दिला त्याच क्षणी मुख्य शोधकात जो किरण नोंदला गेला तो आकाशातला नव्हे, घरचा आहे, हे कळतं. त्या किरणाची ऊर्जा आधीच माहीत असल्यामुळे शोधकाचा काटा किती सरकला आहे ते रोज तपासता येतं. उपकरणं बनवणारे याला कॅलिब्रेशन म्हणतात आणि त्यांच्या कष्टांचा फार मोठा भाग इथेच जातो. दुर्बिणीचा फोटो वर्तमानपत्रात छापून येतो, अमेरिसियमचा तो कण येत नाही. माझ्या मते मान त्यालाही तेवढाच द्यायला हवा.

ॲस्ट्रोसॅटच्या बाकीच्या उपकरणांनाही हेच करावं लागलं. ‘एसएक्सटी’ दुर्बिणीत सोन्याचा मुलामा दिलेल्या पातळ पत्र्यांचे चाळीस थर एकात एक बसवले आहेत आणि कमी ऊर्जेचे क्ष-किरण त्यांना अगदी चाटून जात एका बिंदूवर येतात. ‘लॅक्सपीसी’त झेनॉन वायूनं भरलेले तीन मोठे शोधक होते. त्यांपैकी एकातून वायू गळू लागला आणि तो पुढे बंद करावा लागला. तो चालू होता तोवर घटत्या वायूनुसार त्याच्या प्रतिसादाचा हिशेब शास्त्रज्ञ पुन्हा पुन्हा मांडत राहिले आणि त्या हिशेबामुळेच त्या काळातली त्याची निरीक्षणं उपयोगी ठरली.

सीझेडटीआयची आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. ६ ऑक्टोबर २०१५ रोजी ते सुरू केलं आणि त्याच दिवशी त्यानं गॅमा किरणांचा एक प्रचंड स्फोट टिपला. तो स्फोट दुर्बीण रोखलेल्या दिशेत नव्हता. ऊर्जा फार जास्त झाली की उपग्रहाचं अंगच पारदर्शक होतं आणि बाजूनं, मागून आलेले किरणही शोधकापर्यंत पोहोचतात. त्यामुळे हे उपकरण आकाशाच्या मोठ्या भागावर पहारा देऊ शकतं. मात्र बाजूनं आलेला किरण वाटेत कुठल्या पत्र्यातून, कुठल्या टाकीतून गेला हे कळल्याशिवाय त्याची खरी ताकद कळत नाही. म्हणून उपग्रहाच्या प्रत्येक भागाच्या वस्तुमानाची संगणकावर प्रतिकृती उभारावी लागली. आयआयटी मुंबईच्या संशोधकांचा यात पुढाकार होता. या पहाऱ्यात पाचशेहून अधिक स्फोट नोंदले गेले आहेत.

पुण्याला जयंत नारळीकरांनी १९८८ मध्ये आयुका उभी केली तेव्हा तिचं पहिलं काम विद्यापीठांतल्या संशोधकांना हात देणं हे होतं. तिथेच पुढे उपकरणांची प्रयोगशाळा वाढली आणि आदित्य-एल१ यानावरची ‘सूट’ ही दुर्बीण आकाराला आली. दुर्गेश त्रिपाठी आणि ए. एन. रामप्रकाश यांच्या नेतृत्वाखाली, इस्रो आणि इतर संस्थांच्या साथीनं. सूट सूर्याकडे २०० ते ४०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या अतिनील प्रकाशात पाहते. या प्रकाशाचा बराचसा भाग ओझोनचा थर अडवतो, म्हणून तो पाहायला वरच जावं लागतं.

अतिनील दुर्बिणीचा शत्रू मात्र पृथ्वीवरूनच तिच्यासोबत जातो. गोंद, प्लास्टिक, वायरीचं आवरण यांतून सतत सूक्ष्म बाष्प निघत असतं. त्याचा रेणूंएवढा जाड पापुद्रा आरशावर बसला तरी तो अतिनील प्रकाश गिळतो. डोळ्यांना आरसा लख्ख दिसतो आणि दुर्बीण मात्र हळूहळू आंधळी होत जाते. म्हणून अशा दुर्बिणीत वापरायची प्रत्येक वस्तू आधी निर्वातात तापवून तिच्यातलं बाष्प काढून टाकतात, जुळणी धूळमुक्त खोलीत करतात आणि यान निघाल्यावरही दुर्बिणीचं झाकण लगेच उघडत नाहीत. २ सप्टेंबर २०२३ ला आदित्य निघालं, सूट सुरू झाली ती २० नोव्हेंबरला आणि पहिल्या प्रतिमा आल्या ६ डिसेंबरला. ११ वेगवेगळ्या फिल्टरमधून सूर्याची पूर्ण तबकडी दिसली. मधले आठवडे वाट पाहण्याचे होते आणि ते वाट पाहणं उपकरणाच्या घडणीचाच भाग आहे. तिच्या कॅमेऱ्यात ४०९६ गुणिले ४०९६ घरं आहेत आणि त्यांचा प्रतिसाद तपासायला आतच छोटे एलईडी दिवे बसवले आहेत. सूर्याइतका मोठा दिवा समोर असतानाही दुर्बिणीच्या पोटात ओळखीचा दिवा लागतोच.

आता मंगळाकडे जाऊ. तिथे आपल्याला शंकू पुन्हा भेटतो. जानेवारी २००४ मध्ये स्पिरिट आणि अपॉर्च्युनिटी या दोन अमेरिकी गाड्या मंगळावर उतरल्या. दोन्हींच्या पाठीवर तळहातात मावेल एवढी एक चौकोनी पाटी होती. तिच्यावर करड्या रंगाच्या फिक्या-गडद कड्या, कोपऱ्यांत रंगांचे तुकडे आणि मधोमध उभा शंकू. ती कॅमेऱ्याच्या कॅलिब्रेशनची पाटी होती आणि तिला सूर्यघड्याळाचं रूप दिलं होतं. दोन जगं आणि एकच सूर्य, अशा अर्थाचे शब्द तिच्यावर कोरले होते, मंगळाचं नावही निरनिराळ्या भाषांत लिहिलं होतं. शंकू शोभेसाठी नव्हता. मंगळाच्या हवेत लालसर धूळ असते, त्यामुळे तिथल्या आकाशातून पसरलेला प्रकाशही तांबूस असतो. पाटीच्या उन्हातल्या भागावर सूर्य आणि आकाश दोघांचा प्रकाश पडतो, शंकूच्या सावलीत मात्र केवळ आकाशाचा. दोहोंतला फरक मोजला की समोरच्या खडकाचा रंग खरा किती आणि आकाशानं दिलेला किती हे वेगळं करता येतं. पुढे त्या पाटीवरच धूळ साचत गेली आणि धुळीचाही हिशेब मांडावा लागला.

अपॉर्च्युनिटी ज्या मैदानावर उतरली त्याचं नाव मेरिडियनी प्लॅनम, म्हणजे मध्यरेषेचं मैदान. मंगळाची शून्य रेषा या भागातून जाते. एकोणिसाव्या शतकात दुर्बिणीतून दिसणाऱ्या एका काळसर डागाला खगोलशास्त्रज्ञांनी मंगळाचा शून्य मानलं होतं. पण डागाला निश्चित कड नसते. मरिनर-९ या यानानं १९७१-७२ मध्ये मंगळाभोवती फिरून प्रतिमा पाठवल्या, तेव्हा त्यांतला सुमारे अर्धा किलोमीटर रुंदीचा एक खड्डा शून्याची खूण म्हणून निवडला गेला. त्याचं नाव एअरी-०. जॉर्ज एअरी यांनी ग्रिनिचच्या वेधशाळेत जी याम्योत्तर दुर्बीण बसवली, तिच्यावरून १८८४ मध्ये पृथ्वीचा शून्य रेखांश ठरला. म्हणून त्यांचं नाव मंगळाच्या शून्याला. आजच्या जीपीएसचा शून्य ग्रिनिचला जमिनीवर आखलेल्या जुन्या रेषेपासून सुमारे १०० मीटर पूर्वेला पडतो. मंगळावरही मोजणी जसजशी बारीक झाली तसतसा अर्धा किलोमीटरचा खड्डाही खूण म्हणून मोठा वाटू लागला. आता मंगळाचा रेखांश व्हायकिंग-१ हे यान जिथे उतरून उभं आहे त्या जागेच्या आधारानं बांधला आहे. वत्सगुल्म, ग्रिनिच आणि एअरी-० ही तीन नावं एकाच कामाच्या तीन पायऱ्या आहेत, असं मला वाटतं.

वाशीम जिल्हा ज्यावर वसला आहे तो काळा दगडही ग्रहविज्ञानाच्या कामाचा आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा हा बसॉल्ट, ज्याची माती होऊन आज सोयाबीन आणि तूर पिकते. चंद्रावर पौर्णिमेला दिसणारे काळे डाग बसॉल्टचे आहेत आणि मंगळाचा पृष्ठभागही बहुतांशी बसॉल्टी आहे. वाशीम जिल्ह्यातल्या रिसोडच्या पश्चिमेला, शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात, या दगडात लोणारचं विवर आहे. व्यास सुमारे १.८ किलोमीटर, काठापासून खोली सुमारे १५० मीटर. बसॉल्टमध्ये उल्काघातानं झालेली आणि इतकी शाबूत राहिलेली विवरं पृथ्वीवर फार दुर्मीळ आहेत.

हे विवर ज्वालामुखीचं की उल्केचं हा वाद बरीच वर्षं चालला. १९७३ मध्ये भारतीय आणि अमेरिकी शास्त्रज्ञांनी मिळून लिहिलेला शोधनिबंध ‘सायन्स’ नियतकालिकात आला आणि वाद मिटला. विवराच्या तळाशी छिद्रं घेऊन काढलेल्या दगडांत त्यांना मास्केलिनाइट सापडलं. फेल्डस्पार या खनिजाला प्रचंड दाबाचा झटका बसला की त्याची स्फटिकरचना न वितळताच मोडते आणि त्याची काच होते, ती ही. लाव्हा एवढा दाब देऊ शकत नाही. मास्केलिनाइट जगात पहिल्यांदा ओळखलं गेलं तेही भारतात पडलेल्या दगडात. बिहारमधल्या शेरघाटीला १८६५ मध्ये उल्कापात झाला होता. तो दगड मंगळावरून आला होता हे पुढे शंभरहून अधिक वर्षांनी उमगलं. मंगळावर बसलेल्या तडाख्यानं झालेली काच आणि लोणारच्या तडाख्यानं झालेली काच एकाच जातीची आहे.

म्हणूनच मंगळाचे अवरक्त वर्णपट घेणाऱ्या उपकरणांना लोणारचा उपयोग झाला. यान कक्षेतून वर्णपट पाठवतं, पण त्यातली कुठली रेघ कुठल्या दगडाची हे सांगायला हाताशी ओळखीच्या दगडांचे वर्णपट लागतात. तडाखा बसलेल्या बसॉल्टचा वर्णपट साध्या बसॉल्टहून वेगळा येतो. लोणारचे नमुने प्रयोगशाळेत तपासून हा फरक नोंदवला गेला. क्युरिऑसिटी या गाडीनं तर बसॉल्टची एक चकतीच न्यू मेक्सिकोहून मंगळावर नेली, तिच्यावरच्या एक्स-रे उपकरणाला तुलनेसाठी. तिच्या भिंगाच्या कॅमेऱ्यासाठी १९०९ सालचं एक सेंटचं जुनं नाणंही सोबत आहे. इस्रोला चंद्राच्या उजळ डोंगराळ भागासारखी माती हवी होती, तेव्हा ती तमिळनाडूतल्या नामक्कल जिल्ह्यातल्या सित्तमपुंडीच्या अनॉर्थोसाइट दगडापासून तयार केली. वाशीमच्या शाळांतल्या विज्ञान प्रदर्शनात मंगळाची प्रतिकृती करायची असेल तर थर्माकोल शोधायची गरज नाही. विहीर खणताना निघालेला दगड पुरेसा आहे, तो पातळ कापून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवावा.

जागा ठरवण्याची एक खूण आता चंद्रावरही आहे. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्रयान-३ चं विक्रम हे यान चंद्राच्या दक्षिण ध्रुवाच्या भागात उतरलं. प्रज्ञान गाडीवरच्या लेझर उपकरणानं तिथल्या मातीत गंधक असल्याचं दाखवलं. दुसरं उपकरण, एपीएक्सएस, क्युरियमच्या किरणांनी माती उजळवून तिच्यातली मूलद्रव्यं ओळखत होतं. ४ सप्टेंबरला विक्रमला झोपवलं आणि ते पुन्हा जागं झालं नाही. पण त्याच्या माथ्यावर एक उपकरण होतं ज्याला ना बॅटरी लागते ना ऊन. पाचेक सेंटिमीटर रुंदीची ॲल्युमिनियमची घुमटी, तिच्यात बसवलेले क्वार्ट्झचे आठ कोपरा-लोलक, सारं मिळून सुमारे वीस ग्रॅम. नासानं दिलेलं. कुठल्याही दिशेनं आलेला प्रकाश ते आल्या वाटेनं परत पाठवतं. १२ डिसेंबर २०२३ रोजी चंद्राभोवती फिरणाऱ्या अमेरिकी एलआरओ यानानं सुमारे १०० किलोमीटरवरून विक्रमच्या दिशेनं लेझर सोडला आणि परतलेला प्रकाश टिपला. आधी अपोलोच्या अंतराळवीरांनी आणि सोव्हिएत लुनोखोद गाड्यांनी नेलेले परावर्तक होते, पण दक्षिण ध्रुवाजवळ असा एकही नव्हता. आता त्या भागात यानाची कक्षा तपासायची किंवा उतरण्याची जागा नकाशावर बसवायची, तर विक्रमवरची घुमटी ही त्यासाठीची नेमकी जागा ठाऊक असलेली खूण आहे, आणि पुढची कित्येक वर्षं ती तिथेच असेल.